विचार संवादात शोधू नका, कट कुठे पडतो ते बघा

चित्रपट पाहून चर्चा करणाऱ्या एका गटाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या गटाने 'सैराट' पुन्हा एकत्र पाहिला आणि वाद पेटला. एकाच्या मते तो जातिव्यवस्थेला दिलेली सणसणीत चपराक आहे. दुसऱ्याच्या मते तो पोरापोरींना पळून जायला शिकवतो. तिसरी म्हणाली, तो उलट प्रेमात पडणाऱ्यांना घाबरवून घरी बसवतो. तिघांनी एकच चित्रपट पाहिला, मग असं कसं? चित्रपटातला विचार नक्की असतो कुठे? कथेत, संवादांत, दिग्दर्शकाच्या मनात, की बघणाऱ्याच्या डोक्यात?

मी संकलक आहे. आयुष्याचा मोठा भाग अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापण्यात आणि जोडण्यात गेला. अधूनमधून रसास्वादाच्या शिबिरांत शिकवते, पण माझं उत्तर त्या संकलनाच्या टेबलावरूनच येणार. आणि टेबलावरून दिसतं ते असं की संवाद ही विचार ठेवण्याची सगळ्यात कच्ची जागा आहे. पात्र भाषण द्यायला उभं राहिलं की प्रेक्षकाला लगेच कळतं, 'आता संदेश येतोय'. तो सावध होतो. पटलं तर टाळी वाजवतो, नाही पटलं तर मोबाईल काढतो. दोन्ही वेळा त्याचं मन होतं तिथेच राहतं. जे त्याला विचार म्हणून दिसतच नाही, साधी गोष्ट म्हणून दिसतं, ते मात्र आत जातं.

एक काल्पनिक प्रसंग घ्या. वाड्याच्या सोप्यात पाटील खुर्चीवर बसलेत आणि सालगडी उंबऱ्याशी उभा आहे. पाटील म्हणतात, "अरे, तू आमच्या घरातलाच." माझ्याकडे मास्टर आहे, म्हणजे दोघं एकत्र दिसणारा लांबचा शॉट, शिवाय पाटलांच्या चेहऱ्याचा क्लोज आहे आणि गड्याचा क्लोज आहे. वाक्य संपेपर्यंत मी पाटलांवर राहिले, तर माणूस दिलदार. 'घरातलाच' हा शब्द मी गड्याच्या चेहऱ्यावर टाकला आणि त्याने मान खाली घातल्यावर आणखी दोन सेकंद तिथेच थांबले, तर तेच वाक्य धमकी होतं. तिसराही मार्ग आहे: मास्टरवरच राहायचं, म्हणजे एकजण बसलेला, दुसरा उभा आणि मधलं अंतर हे सगळं एका चौकटीत राहतं, आणि काय बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. लेखकाचा एक शब्दही बदललेला नाही. तीन वेगळी राजकारणं झाली. आणि खरं सांगायचं तर ही निवड करताना खोलीत कुणी 'विचारसरणी' असा शब्द उच्चारत नाही. चर्चा चालते ती 'इथे लांबतंय', 'इथे रिॲक्शन हवी' एवढीच. कोणाची रिॲक्शन हवी हे मात्र ज्याला त्याला आपोआप सुचतं, आणि आपोआप सुचणं हीच तर गंमत आहे. वर्षानुवर्षं आपल्याकडे मालकाच्या दुःखावर क्लोज पडला आणि मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन फ्रेमच्या बाहेर गेली. त्यामागे कुणाचं कारस्थान नव्हतं. तिचा चेहरा हवाय असं कुणाला वाटलंच नाही.

रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचा प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मॉस्कोत त्याने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सुपाची वाटी जोडली, कधी शवपेटी. चेहरा तोच असूनही लोकांना कधी भूक दिसली, कधी शोक. शिबिरात हा प्रयोग सांगितला की मुलं संकलनाच्या ताकदीवर खूश होतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. भूक पडद्यावर नव्हतीच, ती बघणाऱ्याने आणली. दोन शॉटच्या मधली फट प्रेक्षक स्वतःजवळच्या सामानाने भरतो. तुमच्या तिघांचा वाद सुरू झाला तो त्या फटीत.

या ताकदीचं भयंकर टोक अमेरिकेत 1915 साली दिसलं. दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये एकीकडे संकटात सापडलेलं गोरं कुटुंब, दुसरीकडे घोड्यांवरून धावत येणारे कु क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी हिंसक संघटनेचे बुरखेधारी, असा आलटून पालटून कट आहे. वेळेत पोचतील की नाही, ही धाकधूक एकदा सुरू झाली की प्रेक्षकाचं अंग घोड्यांच्या बाजूने झुकतं. कुणाला वाचवलं जातंय आणि कुणापासून, हा विचार करायला सवडच राहत नाही. त्याच वर्षी क्लान नव्याने उभी राहिली. पण त्याच चित्रपटाविरुद्ध कृष्णवर्णीय संघटनांनी निदर्शनं केली, आणि ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने 1920 साली 'विदिन अवर गेट्स' काढून अत्याचार कोण कुणावर करतं ते उलट बाजूने दाखवलं. कट कितीही जोरकस असो, ज्याच्या अंगावर तो घोडा येतोय त्याला तो घोडा वेगळाच दिसतो.

आता आपल्या अंगणात येऊ. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' 2014 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्यातला राष्ट्रगीताचा प्रसंग आठवा. जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब गावात डुकरं पकडतंय. गाव बघतंय, हसतंय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, मग बाकीचेही ताठ उभे राहतात. या देशात त्यांचं स्थान काय, याबद्दल एक अक्षरही कुणी बोलत नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, तेच सगळ्यात आज्ञाधारकपणे उभे आहेत.

आणि आपल्या थिएटरांत याच वेळी एक वेगळंच नाट्य घडायचं. महाराष्ट्रात 2003 पासून खेळाआधी राष्ट्रगीत वाजतं, त्यामुळे उभं राहण्याची सवय अंगात मुरलेली. कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत आलं तर उभं राहण्याची अपेक्षा नाही, असं नियम सांगतो. पण तो त्या क्षणी कुणाला आठवणार? मी पाहिला त्या खेळात काहीजण उठले, काही अर्धवट उठून शेजाऱ्याकडे बघत राहिले, काही बसूनच राहिले आणि बसल्याबद्दल अवघडले. पडद्यावर माणसं ताठ, पडद्यासमोर माणसं गोंधळलेली. जब्याच्या घराला त्या क्षणी जे जाचत होतं त्याचा कणभर तरी अंश प्रेक्षकाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचला. पुढे मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ती माणसं शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाई. हा शॉट काहींना फार उघड वाटला. मला नाही वाटला, कारण कॅमेरा तिथे कुणाच्या चेहऱ्यावर जाऊन 'बघा, केवढा विरोधाभास' असं म्हणत नाही. माणसं निघून जातात, भिंत मागे राहते. ज्याला ती चित्रं सरकारी शाळेची नेहमीची सजावट वाटतात त्याला ती तशीच दिसतील, आणि ज्याच्या घरात तीच चित्रं देव्हाऱ्याच्या जागी आहेत त्याच्या पोटात कालवाकालव होईल. शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. तो दगड कोणाला लागला हे विचारलं की माणूस कुठे बसून चित्रपट बघत होता ते कळतं. शिबिरात कुणी म्हणतं 'समाजाला', कुणी म्हणतं 'त्या गुंड पोरांना', आणि एखादा गप्प बसतो.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' याच्या अगदी विरुद्ध पद्धतीने चालतो. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. असा विषय कुणा बेरक्या निर्मात्याच्या हाती पडला असता तर वकिलाचं टाळ्यांचं भाषण ठरलेलं होतं. इथे कॅमेरा लांब, बहुधा स्थिर आणि माणसं एकमेकांत मिसळलेली. न्यायालय म्हणजे पंखा, फायली, तारखा. सरकारी वकीलबाई दुष्ट नाहीत. घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबाला घेऊन नाटकाला जातात. त्या नाटकात मराठी घरातून परप्रांतीय तरुणाला हाकलतात आणि प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात. आपण एका प्रेक्षागृहात बसून दुसरं प्रेक्षागृह बघतोय. ते टाळ्या वाजवणारे लोक आपल्यासारखेच दिसतात, शनिवारी संध्याकाळी बरे कपडे घालून आलेले. अन्याय करायला खलनायक लागत नाही, रोजची माणसं पुरतात, हा त्या चित्रपटाचा विचार. तो कॅमेरा जवळ न नेण्यात आहे. क्लोज पडला असता तर आपण कुणाच्या तरी बाजूचे झालो असतो आणि बाकीच्यांना दोष देऊन मोकळे झालो असतो. यामुळेच काहींना तो कंटाळवाणा वाटला. ती प्रतिक्रिया मी खोटी मानत नाही. बाजू घ्यायला न मिळालेला प्रेक्षक अस्वस्थ होतो आणि त्या अस्वस्थतेला कंटाळा हे नाव सोयीचं पडतं.

विचार शोधायला सगळ्यात फलदायी जागा कोणती, असं विचाराल तर मी शेवटचं रीळ सांगेन. कथेत पडलेली गाठ शेवटी कशी सुटते, आणि ती सोडवण्याची किंमत कोण मोजतं? व्ही. शांतारामांचा 'कुंकू' 1937 चा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा बंड करते, त्याला नवरा मानायला नकार देते. त्या काळी हे केवढं धाडस होतं! शांता आपटेंचा आवाज आणि ताठ मान आजही हलवून सोडते. पण तिची सुटका होते कशी? म्हातारा आत्महत्या करतो. नवरा जिवंत असताना ती उंबरा ओलांडून गेली, असं दाखवणं तेव्हा शक्य नव्हतं. मग तिला मोकळं करायला एक पश्चात्तापी मरण लागलं. कथेने जिथवर हिंमत केली तोही विचार, आणि जिथे तिने युक्ती केली तोही विचारच. मी हे 'कुंकू'ला कमी लेखायला सांगत नाही. एखाद्या काळाची कमाल मर्यादा मोजायची असेल तर त्या काळातल्या धाडसी चित्रपटाचा शेवट बघावा. मिळमिळीत चित्रपटातून ती कळत नाही.

'शोले'चं उदाहरण आणखी सरळ आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. चित्रपट प्रदर्शित झाला 15 ऑगस्ट 1975 ला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला चालेना. शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात. पूर्ण चित्रपट सांगतो की या रामगढमध्ये कायदा पोचलेला नाही, शेवटची काही मिनिटं सांगतात की पोचतो बरं का. दोन विचार एकाच चित्रपटात, जोड स्पष्ट दिसणारा. आता प्रेक्षकाने काय केलं? त्याने पोलीस विसरून टाकले. आज कुणालाही 'शोले' विचारा, गब्बर आठवेल, पाण्याची टाकी आठवेल, जयचं नाणं आठवेल. सरकारने घालून दिलेला शेवट लोकांच्या आठवणीत राहिलाच नाही. प्रेक्षकही मनातल्या मनात संकलन करतो, आणि तो आमच्यापेक्षा निर्दय असतो.

एवढी पार्श्वभूमी घेऊन 'सैराट'कडे जाऊ, कारण वाद त्यावर आहे.

पहिला मुद्दा संगीताचा. यावर फार कमी बोललं जातं. अजय-अतुल यांनी यासाठी अमेरिकेत जाऊन लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. लोकांनी त्याकडे भव्यतेची हौस म्हणून पाहिलं. मी जरा वेगळं बघते. मराठी पडद्यावर गावातल्या गरीब पोराच्या वाट्याला इतकी वर्षं कुठली वाद्यं आली? ढोलकी, तुणतुणं, फार तर विनोदी प्रसंगाला एखादी पिपाणी. व्हायोलिनांचा ताफा शहरातल्या, बंगल्यातल्या प्रेमासाठी राखीव. करमाळ्याच्या बाजूचा, मासे पकडणाऱ्या घरातला नायक पर्शा विहिरीकडे धावत सुटतो आणि त्याच्यामागे सिंफनी उभी राहते. याच्याही मनात एवढं मोठं काही घडू शकतं, हे त्या वाद्यवृंदाने कुठल्याही भाषणाशिवाय सांगून टाकलं. पार्श्वसंगीताने माणसाची पायरी ठरते, आणि इथे पायरी बदलली. थिएटरात ज्या पोरांनी पर्शात स्वतःला पाहिलं त्यांना हे शब्दांत मांडता आलं नसेल, पण अंगावर काटा आला तो यानेच.

दुसरा मुद्दा नायिकेचा, आर्चीचा. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, पोरांना दम देणारी मुलगी. मुलींनी ती डोक्यावर घेतली आणि योग्यच केलं, अशी नायिका आपल्याला कुठे मिळाली होती? मात्र तिच्या बेधडकपणाला पाटलाच्या वाड्याचं बळ आहे. दोघं पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येतात तेव्हा तो वाडा पाठीशी नसतो. तिथे ती रडते, घाण वासाने कासावीस होते, आणि पुढे ज्या पर्शावर आपण जीव टाकला तो संशयाने तिच्यावर हात उगारतो. पूर्वार्धात जातीचा माज तिला स्वातंत्र्य देतो, उत्तरार्धात नवरेपणाचा माज ते काढून घेतो. चित्रपटात दोन्ही आहे. कुणी बुलेट घेऊन घरी गेलं, कुणी ती थप्पड घेऊन. ज्या बाईने स्वतःच्या प्रेमविवाहात असा हात उगारलेला पाहिला असेल, तिच्या 'सैराट'चं केंद्र तिथेच असेल. शेवटाची हिंसा तिला त्याच धाग्याचं टोक वाटेल.

आता शेवट. आर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. चहा होतो. आर्ची-पर्शाचा लहानगा शेजारणीबरोबर बाहेर गेलेला. तो परत येतो तेव्हा सगळं झालेलं असतं. खून दाखवलेला नाही. आवाज काढून घेतला आहे. मूल रडत बाहेर चालतं आणि रक्ताची इवली पावलं उमटत जातात. संकलक म्हणून मी हे रीळ पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. हाणामारी दाखवली असती तर आपल्याला राग आला असता आणि राग हा मोकळं करणारा असतो. त्यावर संगीत घातलं असतं तर रडू आलं असतं आणि रडूही मोकळं करतं. जवळपास तीन तास ज्या वाद्यवृंदाने आपल्याला उचलून धरलं तोच अचानक हात काढून घेतो. व्यावसायिक चित्रपटाने दिलेलं 'प्रेम सगळ्यावर मात करतं' हे आश्वासन आपल्याच कानांदेखत बंद पडतं.

याच कथेचा 2018 चा हिंदी अवतार 'धडक' घ्या. कथानक उदयपूरला नेलं, जातीचा उल्लेख पुसट करून श्रीमंत-गरीब आणि राजकारणी बापाचा अहंकार पुढे आणला. शेवटी मुलगा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. मृत्यू इथेही आहे, धक्काही आहे. पण जिवंत राहिलेल्या नायिकेच्या आक्रोशावर चित्रपट संपतो तेव्हा आपल्याला दुःख करायला एक चेहरा मिळतो. 'सैराट'मध्ये चेहराच उरत नाही. उरतं एक मूल, ज्याला अजून कुठली जात कळत नाही, आणि त्याची जात कोणती हे ठरवायला सगळं गाव टपलेलं आहे. एका शेवटाने शोकांतिका सांगितली, दुसऱ्याने प्रश्न आपल्या अंगावर सोडून दिला. कथा तीच, रीळ वेगळं.

आता प्रेक्षकाकडे. स्टुअर्ट हॉल या जमैकात जन्मलेल्या, इंग्लंडमध्ये काम केलेल्या विचारवंताने 1973 साली मांडलं की पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणाऱ्याला जसाच्या तसा मिळत नाही. कुणी तो स्वीकारतं, कुणी थोडा घेतं थोडा सोडतं, कुणी उलटा वाचतं. शिबिरांत हे तीन कप्पे फळ्यावर काढतात आणि पोरं प्रत्येक प्रेक्षकाला एकेका कप्प्यात टाकू लागतात. ते टाळा. एकच माणूस एकाच खेळात तिन्ही कप्प्यांत फिरून येतो.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण 'माहेरची साडी'. 1991 चा चित्रपट, अलका कुबल, गावोगावी बायकांची रीघ. जाणत्या मंडळींनी तेव्हाही आणि नंतरही नाक मुरडलं: सोशिक सून, छळ, अश्रू, म्हणजे बाईला सहन करायला शिकवणारा चित्रपट. कथेकडे पाहिलं तर आरोप खराच आहे. पण बायका तिथे काय करायला जात होत्या? ज्या सुनेला एरवी एकटीने देवळात जायची सोय नाही ती शेजारपाजारच्या चारजणींबरोबर तीन तास घराबाहेर बसली, आणि सासूचा छळ हा खाजगी नशिबाचा भाग न राहता पडद्यावर सगळ्यांदेखत मांडला गेला. जात्यावरच्या ओव्या आठवा. त्यांतही सासुरवास सोसलाच आहे, बंड नाही. पण ओवी म्हणणारी बाई सासूचं, नणंदेचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालते आणि दुसरी तिला साथ देते. सोसणं आणि तक्रार एकाच ओळीत. बायकांनी 'माहेरची साडी' ओवीसारखा पाहिला असं माझं मत आहे. शहरातल्या समीक्षकाला ओवी ऐकायची सवय नव्हती, त्याला फक्त सोसणं ऐकू आलं. यामुळे तो चित्रपट क्रांतिकारक होत नाही, उगीच गळा काढायला नको. सून सोसते म्हणूनच ती चांगली, हे त्यात आहेच, आणि ते घरी जाताना सासवांनीही बरोबर नेलं असणार.

उलट दिशेचं उदाहरण 'सैराट'मधलं 'झिंगाट' हे गाणं. चित्रपटातून सुटून ते वरातीत गेलं. ज्या मांडवात पर्शाला जावई म्हणून पाऊल ठेवू दिलं नसतं त्याच मांडवासमोर त्यावर बेभान नाच होतो. चित्रपटाचा विचार गाण्याबरोबर जाईलच असं नाही.

प्रेक्षक नेमका कोण, हा प्रश्न न्यायालयांनाही पडतो, आणि त्यातला एक धागा आपल्या नागपूरचा आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी एका वृत्तपत्राच्या खटल्यात कसोटी घालून दिली: शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने, जिथेतिथे धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नाही. पुढे 1988 साली गोविंद निहलानींची 'तमस' दूरदर्शनवर आली, फाळणीची दृश्यं दंगे पेटवतील म्हणून बंदी मागितली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने बोस यांचीच कसोटी उचलून धरली. बंदी मागणाऱ्याच्या डोक्यात मात्र नेहमी दुसराच प्रेक्षक असतो. स्वतः मागणाऱ्यावर कधी परिणाम होत नाही, बिघडतात ते नेहमी 'साधे लोक'. तुमच्या गटातल्या 'पळून जायला शिकवतो' म्हणणाऱ्या गृहस्थांनाही विचारून बघा, 'सैराट' बघून तुम्हाला पळून जावंसं वाटलं का?

मग कुठलाही अर्थ चालतो का? नाही. मी शिबिरात एकच अट घालते: अर्थ सांगा आणि शॉट दाखवा. 'पळून जायला शिकवतो' हा अर्थ टिकवायचा तर हैदराबादचा सगळा उत्तरार्ध, ती झोपडी, तो संशय आणि ते शेवटचं रीळ कापून टाकावं लागतं. एवढं कापून उरतो तो दुसराच चित्रपट. 'चपराक' म्हणणाऱ्याला भरपूर शॉट मिळतील. भर वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या कानशिलात वाजवणारा आर्चीचा भाऊ प्रिन्स त्यात पहिला. पण 'चपराक' म्हणणाऱ्याने पर्शाने आर्चीवर उगारलेल्या हाताचंही काहीतरी करायला हवं, जात एवढ्याच चौकटीत तो बसत नाही. तिसऱ्या मैत्रिणीचा, 'घाबरवतो' हा अर्थ मात्र मला सहज खोडता येत नाही. खून करणाऱ्यांचं पुढे काय झालं हे चित्रपट सांगत नाही. आंतरजातीय संसार मांडून बसलेल्या जोडप्याला त्या पावलांत प्रश्न दिसण्याआधी भीती दिसली तर त्यांचं चुकलं असं म्हणायला मी कोण? ज्याच्या दारावर टकटक होऊ शकते त्याचा चित्रपट आणि ज्याच्या दारावर कधीच होणार नाही त्याचा चित्रपट, हे एकाच तिकिटावर दोन असतात.

दिग्दर्शकाला हेतू विचारावा का, असं तुम्ही पुढे विचाराल. विचारा, ऐका, पण निकाल म्हणून घेऊ नका. कटच्या टेबलावर मी पाहिलं आहे की दिग्दर्शक ज्या शॉटवर जीव ओततो तो निघून जातो आणि लायटिंग बदलेपर्यंत सहज घेतलेला एखादा शॉट अख्ख्या प्रसंगाचा अर्थ ठरवतो.

गटात पुन्हा बसाल तेव्हा मत आधी विचारू नका. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने गप्प बसून सगळ्यात ठळक आठवणारे दोन शॉट कागदावर लिहायचे, आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच वाचायचे. मग एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावा आणि बघा कोण बोलत असताना कोणाचा चेहरा आहे, आणि कोण बोलत असूनही दिसत नाही. 'कुंकू' उपलब्ध झाला तर त्याचा शेवट आणि 'सैराट'चा शेवट एकाच संध्याकाळी लावा. आणि शक्य असेल तर गटाबाहेरचं कुणीतरी बोलवा, ज्यांचं वय, जात किंवा गाव तुमच्यापेक्षा वेगळं आहे असं. त्यांचे दोन शॉट आधी वाचा.